तळहातावर विरघळलेली कातडी

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (आठही अंगांचा घालायचा होता, पण मान, पाठ आणि उजवा अंगठा सध्या प्रयोगशाळेने ठेवून घेतले आहेत, उरलेल्या अंगांचा गोड मानून घ्यावा.) आपली प्रकृती ठणठणीत असावी, मामींची कंबर कुरकुरत नसावी, आणि आपल्या वरच्या मजल्यावरचे ते गाणं शिकणारे गृहस्थ एव्हाना एकतर शिकले तरी असावेत किंवा थकले तरी असावेत, अशी आशा करते. इकडील सर्व क्षेम आहे असं पत्रात लिहायची पद्धत आहे. मी लिहून पाहिलं, पण अक्षरच इतकं वाकडं आलं की खोडलं. इकडे काहीही क्षेम नाही.

झालं. एका परिच्छेदापुरतं तुला अहोजाहो केलं. आईने हे पत्र पाहिलं तर तिच्या जिवाला बरं वाटेल. आता नेहमीसारखं अरेतुरे. तू म्हणशील, हातात फोन असताना कागद कशाला खराब करतेस. मामा, फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी 'काम काही नीट चाललेलं नाही' एवढं म्हणेपर्यंत तू 'अगं होईल गं, वेडाबाई' म्हणून फोन मामीकडे देतोस, मामी 'जेवलीस का' विचारते, मी 'हो' म्हणते, आणि माझं सगळं दुःख पोट भरल्याच्या समाधानात संपतं. पत्राला असं मध्येच तोडता येत नाही. फार तर घडी घालून ठेवता येतं, पण तू ते करणार नाहीस, कारण पुढे काय झालं हे कळल्याशिवाय तुला चैन पडत नाही.

तर सुरुवात तुझ्यापासूनच करते. तू भेटेल त्याला 'आमची भाची कातडी बनवते' असं सांगतोस. या एका वाक्याने माझं काय झालं आहे ते ऐक. आईच्या मावसबहिणीने गालावरच्या सुरकुत्यांसाठी 'तुझ्याकडचं थोडंसं, डबीभर' मागितलं. बाबांच्या कचेरीतले जुने साहेब, ज्यांना मी जन्मात एकदाच पाहिलं आणि तेही टोपीत, त्यांनी आपल्या टकलाचे फोटो पुढून, मागून आणि वरून काढून पाठवले. (वरचा कोणी काढला, हा प्रश्न मला अजून छळतो.) त्यातून कोलॅजन हे नाव क्रीमच्या डब्यांवर आणि दुधात घालून प्यायच्या पावडरींवर छापलेलं असतं, त्यामुळे गैरसमजाला काही धरबंधच राहिलेला नाही. मी कातडी बनवत नाही, मामा. मी कातडीला वाढायला जागा बनवते, आणि तीसुद्धा अजून उभी राहत नाही.

नीट सांगते. आपल्या कातडीत, हाडांत, स्नायू हाडाला बांधून ठेवणाऱ्या दोऱ्यांत एक चिवट तंतू असतो. तीन पेडांची घट्ट वेणी घातल्यासारखा. तो नसता तर तू आत्ता खुर्चीत बसून हे वाचत नसतास, खुर्चीखाली सांडला असतास. तेच कोलॅजन. जखम खोल असली की तिथल्या पेशींना चढून यायला काही आधार उरत नाही. मग इमारतीला बांबूंची परांची बांधतात ना, तशी कोलॅजनची भोकाभोकांची परांची (दिसायला भांडी घासायच्या स्पंजसारखी) त्या खड्ड्यात ठेवायची. पेशींनी तिच्यात शिरायचं, बिऱ्हाड करायचं, स्वतःचं नवं कोलॅजन विणायचं आणि हळूहळू आमची परांची खाऊन टाकायची. म्हणजे माझं काम उत्तम झालं तर त्याचा मागमूस राहणार नाही, आणि बिघडलं तर सगळ्या गावाला दिसेल. असा धंदा मी आपण होऊन निवडला. तुम्ही कोणी बळजबरी केली असती तर निदान तुम्हाला बोल तरी लावता आला असता.

आता हे कोलॅजन आणायचं कुठून? बहुतेक ठिकाणी ते गाई-डुकरांच्या कातड्यातून काढतात, पण त्यात रोगांची भीती आणि नाना लोकांचे नाना आक्षेप. म्हणून आमच्या प्रमुख बाईंनी माशांच्या कातडीचा मार्ग धरला. (बाईंना आम्ही पाठीमागे 'बघू या' म्हणतो. रजा मागा, नवं यंत्र मागा, इमारतीला आग लागली म्हणून सांगा, उत्तर एकच.) कल्पना झकास होती. मासे सोलले की कातडी टाकूनच देतात. टाकण्याआधी ती गोळा करून आणणारी म्हणजे मी, तुझी उच्चशिक्षित भाची, हातात झाकणाची बादली घेऊन बाजारात. पहिल्याच दिवशी मासळीवाल्या बाईंनी माझ्याकडे फार करुणेने बघून विचारलं, "घरात खाणारी तोंडं किती गं?" मी माझ्या पेशींच्या तंद्रीत होते, म्हणाले, "असतील काही लाख." तेव्हापासून त्या कातडीबरोबर दोन-चार मुंडकी गुपचूप टाकतात, आणि मी नको म्हटलं की डोळ्याला पदर लावतात. बसमध्ये माझ्या शेजारची जागा कायम रिकामी. कितीही गर्दी असो, माणसं उभी राहतात आणि खिडकीबाहेर बघतात. आमच्या गल्लीतलं एक मांजर मला प्रयोगशाळेच्या फाटकापर्यंत पोचवायला येतं. जगात माझ्यावर निरपेक्ष प्रेम करणारा सध्या तो एकच जीव आहे, आणि तेही निरपेक्ष म्हणावं की नाही, अशी शंका येते.

बरं, कातडी आणली म्हणजे झालं असंही नाही. ती आंबट पाण्यात, थंड खोलीत, दिवसेंदिवस ढवळत ठेवावी लागते, तेव्हा कुठे कोलॅजन सुटून येतं. खोली थंडच हवी, कारण उबेने ती तीन पेडांची वेणी सुटते, आणि वेणी सुटली की उरतं ते जिलेटिन, म्हणजे वाढदिवसाच्या जेलीत असतं ते. आमच्या शेजारच्या विभागातले एक सद्गृहस्थ आपली बाटली घ्यायला त्या खोलीत गेले, त्यांना शिंक आली, आणि पुढच्या माणसाचे हाल होऊ नयेत म्हणून त्यांनी जाता जाता खोली चांगली उबदार करून ठेवली. मी दार उघडलं तर माझी सगळी मेहनत बादलीत डुलत होती. गृहस्थांनी अगदी मनापासून क्षमा मागितली. मग जरा घुटमळले आणि हळूच विचारलं की यात साखर आणि थोडा रंग घातला तर चालेल का, लेकीचा वाढदिवस जवळ आला आहे. मामा, मी रागावलेसुद्धा नाही. रागवायला आत काहीतरी शिल्लक लागतं.

पुन्हा बादली, पुन्हा मासळीवाल्या बाईंची करुणा, पुन्हा ढवळणं. या वेळी कोलॅजन नीट निघालं. ते साच्यात ओतून गोठवलं, मग यंत्रात घालून त्यातल्या बर्फाची सरळ वाफ करून टाकली; जिथे बर्फाचे कण होते तिथे भोकं राहतात आणि पांढराशुभ्र, हलका, फुंकरीने उडेल असा स्पंज तयार होतो. इतका देखणा की मला वाटलं, संपले आपले भोग. तो पाण्यात टाकला आणि त्याची गुळगुळीत पेज झाली. यावर उपाय असतो. तंतूंना एक रसायन लावून एकमेकांशी गाठी मारायच्या, म्हणजे ते सुटत नाहीत. मी गाठी मारल्या. घाबरलेलं माणूस मारतं तशा, एकावर एक. जे तयार झालं ते पाण्यात विरघळलं नाही, उकळूनही विरघळलं नाही, कात्रीने कापलं गेलं नाही. पेशी त्यावर ठेवल्या तर त्या फरशीवर बसल्यासारख्या अंग चोरून बसल्या आणि मेल्या. आमच्या सहकाऱ्याने तो तुकडा वाकवून पाहिला, 'चपलेला बरा आहे' म्हणाला आणि त्याच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. टेबल तेव्हापासून हललेलं नाही. माझ्या संशोधनाचा समाजाला झालेला हा आजवरचा एकमेव उपयोग.

मग गाठी कमी केल्या. आता पेशी जगल्या. जगल्या म्हणजे काय, माजल्या. या पेशींची खोड अशी की मऊ जागा मिळाली की चारी बाजूंनी ती आपल्याकडे ओढतात, थंडीत एका पांघरुणात चार भावंडं निजल्यासारखी. मी बशीभर रुंद चकती ठेवून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर बशीच्या मधोमध एक वाटाणा. माझा हुंदका ऐकून 'बघू या' आल्या, वाटाण्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बघू या." (त्या वाईट नाहीत, मामा. त्यांच्या टेबलावर त्यांच्या तरुणपणीचा एक असाच वाटाणा बाटलीत घालून ठेवलेला आहे. त्याकडे बघून मला धीर यावा असं त्यांना वाटतं. मला मात्र त्यांचं वय आठवतं.)

अशात समिती येणार असल्याचं कळलं. काम पुढे चालू ठेवायचं की नाही आणि खऱ्या रुग्णांवर चाचणी कधी करायची, हे तीच ठरवणार होती. मी जिवाचं रान करून एक चकती तयार केली. गाठी त्याहूनही बेताच्या, अंग मऊ, रंग दुधासारखा. सभागृहातलं थंडावा देणारं यंत्र भणभणत होतं आणि माझी चकती काचेच्या बशीत इतकी शांत, इतकी शहाणी दिसत होती की मलाच तिचा अभिमान वाटला. मी तक्ते दाखवले, आकडे दाखवले, कुठे अडखळले नाही. मग समितीतले ज्येष्ठ सर्जन उठले. उंच, पांढऱ्या मिशांचे, आयुष्यभर जखमा बघितलेले. त्यांनी न विचारता चकती उचलली, तळहातावर ठेवली, आणि माझं बोलणं लक्षपूर्वक ऐकता ऐकता मूठ मिटली.

मला पुढचं दिसलं, पण हातातला तक्ता खाली ठेवेपर्यंत उशीर झाला होता. तो मासा थंड समुद्रातला, मामा. जन्मभर गारठ्यात राहिलेला. त्याची वेणी गारठ्यातच शोभते. माणसाच्या अंगाची ऊब लागली की सुटते. गाठी जास्त मारल्या असत्या तर टिकली असती, पण मग ती चप्पल झाली असती. मी सभागृहाचा थंडावा हिशेबात धरला आणि माणसाचं अंग गरम असतं एवढंच विसरले. माणसासाठीच करत होते ना? तेच विसरले.

सर्जनांनी मूठ उघडली. बोटांच्या फटींतून काहीतरी ओघळलं आणि त्यांच्या घड्याळाच्या पट्ट्यात गेलं. त्यांनी तळहात उजेडात धरला, निरखून पाहिला आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "हे जखमेला लावायचं आहे, की जखमेतून आलेलं आहे?"

सगळे हसले. मीही हसले, कारण रडायचं ठरवलं असतं तर तक्ते भिजले असते.

निकाल लगेच लागला. काम बंद केलेलं नाही, पण योजनेच्या कागदावरून 'रुग्ण' हा शब्दच काढून टाकला आहे. आता आधी पदार्थ नीट करा, मग उंदीर, मग मोठी जनावरं, मग परवानग्या, आणि मग, देवाच्या मनात असेल तर, माणूस. समिती गेल्यावर मी बाईंसमोर जाऊन उभी राहिले आणि वाट बघितली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. 'बघू या' म्हणाल्या नाहीत. "आज तू घरी जा," म्हणाल्या. मामा, मला त्या दोन शब्दांचा कंटाळा होता असं वाटायचं. ते ऐकायला न मिळाल्यावर मी दारातून दोनदा मागे वळून पाहिलं. घरी आले, बादली धुतली, पालथी घातली आणि तिच्यावरच बसून राहिले. घरात खुर्ची आहे. पण खुर्चीपर्यंत जावंसं वाटलं नाही.

असो. माझं हे रडगाणं वाचून तुझे डोळे दुखले असतील. मामींना नमस्कार सांग. मोठ्यांचे आशीर्वाद नेहमी मागते तसे या वेळी मागत नाही. आहेत तेच अजून वापरून झालेले नाहीत, की वापरून संपलेत, ते कळत नाही.

तुझी,
माशांचा वास येणारी भाची

ता.क. हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. तिने मी 'मोठ्या पदावर' असल्याचं तिच्या मैत्रिणींना सांगितलं आहे आणि त्यात बादलीचा उल्लेख नाही.

ता.क. दुसरा. ज्यासाठी एवढी पानं काळी केली ते आता लिहिते. समिती यायच्या आदल्या दिवशी मामीचा फोन आला. (तिला बोलू नकोस. तिने तुझी शपथ मोडली, ते बरं केलं.) तुझ्या टाचेला नव्या चपलेने जखम झाली आहे, ती भरत नाही, उलट खोल चालली आहे, आणि डॉक्टरांचं नाव काढलं की तू म्हणतोस, "घरचं माणूस औषध करतंय, मी परक्याच्या हातात पाय कशाला देऊ? भाचीची पट्टी येईतोवर थांबतो." मामा, पट्टी येणार नाही. या वर्षी नाही, पुढच्या नाही. सगळं सुरळीत झालं तरी ती माणसाच्या पायाला लागेल तेव्हा माझे केस पांढरे झालेले असतील. तू म्हणतोस दुखत नाही. अरे, तेच तर वाईट आहे. तुझ्या या साखरेच्या दुखण्यात, मधुमेहात, पायाला दुखायचंच कळेनासं होतं. म्हणून मी माझी सगळी फजिती, एकही न लपवता, तुझ्यासमोर मांडली आहे. फोनवर 'अजून तयार नाही' म्हटलं असतं तर तू 'होईल गं' म्हणून वाट बघत बसला असतास. आता सांग, माझ्या हातचं काही टाचेला लावून घेशील?

आणि हो. ते सर्जन तुझ्याच गावच्या मोठ्या रुग्णालयात बसतात. सभेनंतर ते हात धुवायला गेले तेव्हा मी बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. त्यांना वाटलं, मी चकतीची बाजू मांडायला आले आहे. मी म्हटलं, "सर, माझ्या मामाचा पाय बघाल का?" त्यांनी नळ बंद केला, सगळं नीट विचारून घेतलं, साखर किती, काळं पडलंय का, वास येतो का, आणि म्हणाले, "उशीर करू नका. गुरुवारी सकाळी घेऊन या." चकतीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मोठा माणूस आहे.

ता.क. तिसरा. हे लिहू की नको असा घोळ चालला होता. समितीला दाखवायला ओबडधोबड म्हणून एक चकती मी मागे ठेवली होती. गाठी जरा वेगळ्या तऱ्हेने मारलेली. ती काल पेशी वाढवायच्या, माणसाच्या अंगाइतक्या उबेच्या कपाटातून काढली. वितळलेली नाही, आकसलेलीही नाही. पेशी आत उतरल्या आहेत. फक्त माणसाच्याच कोलॅजनला चिकटतो असा एक रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर बारीक, नवे, चमकणारे तंतू. माशाचे नाहीत, मामा. माझेही नाहीत. त्यांचे त्यांनी विणलेले. आमच्या धंद्यात एकदा झालं म्हणजे काहीच झालं नाही, म्हणून बाईंनाही अजून सांगितलेलं नाही. तुलाच पहिल्यांदा सांगते आहे, आणि सांगताना धास्तावले आहे, की तू हे वाचून पुन्हा पाय वर करून वाट बघत बसशील. खबरदार.

ता.क. शेवटचा. हे पाकीट मी मामीच्या नावावर पाठवलं आहे आणि गुरुवारी सकाळी चहानंतरच तुझ्या हातात द्यायला सांगितलं आहे. म्हणजे आज गुरुवार आहे आणि गाडी दारात उभी आहे. त्या पायाने तुला ब्रेक दाबता येणार नाही, तेव्हा गाडी मामी चालवेल. तू तुझ्या ड्रायव्हिंग क्लासमध्ये अर्ध्या गावाला गाडी शिकवलीस आणि तिला कधी चाकाला हात लावू दिला नाहीस, म्हणून ती चौकापलीकडच्या त्या दुसऱ्या क्लासमध्ये शिकली. हो, त्याच. परवानाही आहे. वळणावर जरा लवकर वळते आणि ब्रेक जोरात दाबते, असं तिचं तीच म्हणाली. तू मागे बस, पाय सीटवर ठेव आणि रुग्णालय येईपर्यंत काही म्हणजे काही शिकवू नकोस.